भाद्रपदातली जिलबी

मनोहररावांना भुतं मान्य नव्हती. तरुणपणी लाल झेंड्याखाली ती नामंजूर झाली होती, पुढे विहारातही नामंजूरच राहिली. असा दोन्हीकडून ठराव झालेला असताना बोरगाव मेघेच्या रस्त्यावर भर दुपारी तीन वाजता लोखंडी खाटेच्या चाकांची किरकिर ऐकू यायला लागली, तेव्हा ते खिडकीशी गेले, वांग्यांचा हातगाडा पाहिला आणि समाधानाने लवंडले. दुसऱ्या दिवशी किरकिर आली, गाडा आला नाही. रस्ता रिकामा होता. दोष त्यांनी तुरीच्या डाळीला दिला. पण डाळीने आवाज होतात ते पोटात, रस्त्यावर नाही, एवढं विज्ञान त्यांनाही ठाऊक होतं.

ही किरकिर भन्ते सारिन यांच्या हकिकतीसोबत आली होती. भन्ते कंबोडियाचे, साठीचे, पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासासाठी विहारात उतरलेले. बोधगयेत शिकलेलं मोडकंतोडकं हिंदी ते फार सावकाश बोलत. एका रविवारी कुणीतरी घरच्यांची चौकशी केली म्हणून त्यांनी सांगितलं. एप्रिल पंच्याहत्तर. लाल फौज राजधानीत शिरली आणि दोन-तीन दिवसांत अख्खं शहर बाहेर हाकललं. दवाखान्यातले रोगीसुद्धा. नातेवाईक त्यांना खाटेसकट ढकलत नेत होते, एका हातात सलाईनची बाटली धरून. भन्ते तेव्हा नऊ वर्षांचे. पुढच्या चार वर्षांत त्यांच्या घरातली अकरा माणसं गेली. ज्या गावात त्यांना धाडलं तिथल्या विहारातल्या भिक्खूंची चीवरं उतरवली, त्यांना बांधावर राबवलं आणि मग मारलं.

लोक हळहळले. मनोहरराव पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.

कारण त्याच एप्रिलात पुलगावच्या मिलच्या फाटकाशी सव्वीस वर्षांचे मनोहर स्टुलावर उभे राहिले होते. हातात वर्तमानपत्र होतं. एक शहर मुक्त झालं म्हणून ते गरजले होते. तिथे आता सावकार नाही, दलाल नाही, पुजारी नाही. तसं पाहिलं तर ते खरंच होतं. त्या शहरात कुणीच नव्हतं. मग पाळी सुटल्यावर त्यांनी कामगारांना जिलबी वाटली. गरम.

भाद्रपद लागला तशी भन्तेंनी एक विनंती केली. त्यांच्याकडे या वद्य पक्षात मेलेली माणसं परत येतात. तोंड सुईच्या नेढ्याएवढं, भूक डोंगराएवढी. आपल्यासाठी कुणी काही आणलंय का म्हणून ती सात विहार हिंडतात. पहाट फुटायच्या आधी, अंधारात, नावं घेऊन भाताचे गोळे टाकायचे. उजेड त्यांना सोसत नाही. अमावस्येला विहारामागे एवढं करू द्यावं.

विहाराच्या कमिटीची पंचाईत झाली. शेजारच्या आळीत त्याच पंधरवड्यात कावळ्यांना पानं वाढली जात होती, आणि आपल्या धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत तर साफ लिहिलेलं: श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. अध्यक्ष मनोहररावांनी ती प्रतिज्ञा उभं राहून म्हटली. त्यांच्या तत्त्वनिष्ठेचा सगळ्यांवर प्रभाव पडला. थोडा त्यांच्या स्वतःवरही पडला. विहारात पिंड नको, असा ठराव झाला. सचिव रत्नदीप मास्तर तो निरोप घेऊन गेले आणि परत येऊन म्हणाले की भन्ते नुसतं “ठीक है” म्हणाले. गोळे टाकणार नाहीत, फक्त बसून नावं वाचतील.

भन्ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते “ठीक है” मनोहररावांना काही पचेना.

दुपारी शकुंतलाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. बाहेर किरकिर सुरू झाली. मनोहररावांनी पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायकोला तात्त्विक प्रश्न विचारला.

“तुले काही आयकू येते का?”

शकुंतलाबाईंनी सूप खाली ठेवलं नाही. “येते. त्या रविवारपासून येऊन राह्यलं.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“तुमाले येत नसन म्हटलं. पुलगावले त्या दिवशी मले चार जिलब्या आणून देल्या होत्या तुमी. म्या खाल्ल्या.” मग एक खडा बाजूला काढून त्या म्हणाल्या, “प्रतिज्ञा मलेबी पाठ हाये. तुमी प्रतिज्ञेले भेले का त्या भन्तेले, हे सांगा.”

त्या संध्याकाळी मनोहरराव ठराव पुन्हा वाचायला बसले. ठरावात पिंडाला मनाई होती. जिलबीबद्दल ठराव मौन होता. सुईच्या नेढ्यातून भाताचं शीत कसं जाणार, पाक मात्र जाईल, हेही त्यांना शास्त्रशुद्ध वाटलं.

अमावस्येच्या पहाटे दोघं नवराबायको विहारामागे गेले. भन्ते मेणबत्ती लावून कुंपणाच्या भिंतीशी बसले होते. हातातल्या कागदावर अकरा नावं होती आणि ती वाचून झाली होती. मनोहररावांनी दोन किलोचं पुडकं त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. स्टूल, वर्तमानपत्र, फाटक. भाषण करायची सवय असून फार अडखळले.

भन्तेंनी पुडक्याचा दोरा सोडला. मग म्हणाले, “उस दिन सुबह हमारा पिताजी भी ताली बजाया था। रास्ते पर खड़ा हो के। बोला, लड़ाई खतम। दोपहर तक हम भी खुश था।”

त्यांनी मेणबत्ती विझवली. “जिस का नाम लेने वाला कोई नहीं बचा, उस को आप बुलाइए।”

“मले एकबी नाव माहीत नाई, भन्तेजी.”

“बस बुलाइए।”

चाळीस वर्षं दिलेल्या घोषणांपैकी एकही इथे चालण्यासारखी नव्हती. शेवटी लग्नाच्या पंगतीला बोलावतात तसं ते हळूच म्हणाले, “या जी. या.” आणि एकेक जिलबी अंधारात टाकू लागले. एकही पडल्याचा आवाज आला नाही. भिंतीपलीकडे गाजरगवत कंबरेएवढं माजलंय, हे खरं.

पुडकं अर्धं झालं तेव्हा रस्त्याकडून किरकिर आली. एका खाटेची नव्हती, खूप खाटांची होती. ती भिंतीपर्यंत आली आणि थांबली.

शकुंतलाबाईंनी पुडक्यात हात घालून चाचपलं.

“एवढ्या लोकाईले,” त्या म्हणाल्या, “पुरन का जी?”