टन्न आणि टक्क

मित्रांनो, मी एक जुनं उलथनं आहे आणि सध्या मला खिळ्याला टांगलंय. क्रांती चौकातल्या रोलच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, पंख्याच्या बाजूला. गिऱ्हाईक फोटो काढतात, म्हणतात, हे रुक्सारबाजीचं लकी उलथनं, ह्याच्यामुळंच बाईची तीन दुकानं झाली. ते ऐकलं की मला खिळ्यावरून उडी मारावी वाटते. कारण त्या दिवशी चूक झाली ती माझ्याच तोंडानं झाली. आणि मला गप बसायची सवय नाय, आयुष्य सगळं तव्यावर गेलं, म्हणून भराभर सांगतो, ऐका.

मी आधी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात होतो. कडुबा लोहारानं तो पाटा तापवला, ठोकला आणि एका पाट्यातून दोन उलथनी काढली. एक माझा भाऊ, एक मी. भावाला शिसवाची मूठ बसवली. माझ्या वेळेला लाकूडच संपलं, मग मला लोखंडी पाइपाचा तुकडा जोडला, आतून पोकळ. रुक्सारबाजी न्यायला आली तेव्हा कडुबा ओशाळला होता, म्हणाला, बाई, जोडी जमली नाय. बाजीनं आम्हा दोघांना ऐरणीवर वाजवून बघितलं. भाऊ वाजला टक्क. मी वाजलो टन्न. ती हसली न् म्हणाली, हेच पाहिजे होतं मला, हे टन्न अंड्याचं, ते टक्क पनीरचं.

औरंगपुऱ्यात आमचा गाडा होता. दोन तवे, मधी पत्रा उभा केलेला. अंड्याच्या तव्यावर मी, पनीरच्या तव्यावर भाऊ. बाजीचा नवरा गयास पोळ्या लाटायचा आणि बाजी दोन्ही तवे एकटी सांभाळायची, न बघता, नुसत्या आवाजावर. तिची नजर गिऱ्हाइकावरच. कॉलेजच्या पोरी स्कूटीवरून न उतरता खातात हे तिनं बघितलं, तर रोल बारीक केला, एका हातात मावंल एवढा, आणि खालून कागदाला पीळ दिला म्हणजे चटणी ड्रेसवर गळत नाय. एका आजोबांना कांदा चावत नव्हता, तर कांदा इतका बारीक चिरायला लागली की गयास म्हणायचा, आता काय पीठ करती का कांद्याचं? दोन वर्षांत आमच्या गाड्यापुढं रांग लागायला लागली, आणि मी एवढा वळलो, एवढा नाचलो की माझी कड पातळ झाली.

मग रस्ता रुंद व्हायचा ठरला. महिनाअखेर गाडा हलवा म्हणून महापालिकेवाले सांगून गेले. बाजी गाळा शोधायला लागली. अंडं म्हटलं की मालक नाय म्हणायचे, आणि अंडं सोडलं तर अर्धी रांग जाणार. सहा गाळे गेले असे. सातवा साहेबराव काकांचा, ह्याच चौकातला. काका माळकरी, अंड्याचा वासबी नको. पण ते म्हणाले, मी येऊन बघतो, खरंच येगळं ठेवती का. ठेवत असशील तर गाळा तुझा.

ते आले ते बरोबर चार वाजता, कॉलेज सुटायच्या वेळेला. रांग तर एवढी लांब. बाजी घाबरलेली, हात भराभर चाललेले, तोंडानं काकांना तवे दाखवतीय, पत्रा दाखवतीय, इकडं तीन अंडा रोल, तिकडं काकांचा पनीर रोल. आणि त्या गडबडीत तिनं मला उचललं, भावाला नाय. मी काकांचा रोल उलटला.

टन्न.

मी ओरडलोच की हो, माझ्या परीनं. पण रांगेत कोणाला काय कळणार? रोल कागदात गेला, काकांच्या हातात गेला, काकांनी घास घ्यायला तोंड उघडलं.

"काका, थांबा. खाऊ नका."

काका बघतच राहिले. बाजीनं मला वर धरलं, म्हणाली, "हे अंड्याचं आहे, टन्न वाजतं. माझ्याकडून चुकून तुमच्या रोलला लागलं."

काकांनी रोल गाड्यावर ठेवला, हात धुतले आणि निघून गेले.

गयास गाडा झाकताना बोलला, "सांगायचंच होतं का? कोणी बघितलं होतं?"

बाजी मला घासत होती. म्हणाली, "मी ऐकलं ना."

पुढचे आठ दिवस काय सांगू तुम्हाला. महिना संपत आलेला, गाळा नाय. बाजी मला हातात घ्यायची, परत ठेवायची, परत बघायची मीच आहे का. तिचा वेग गेला. रांगेतले दोघं-तिघं तिरपं बोलले, इथं कशाला काय लागतंय देव जाणे. मला वाटायचं, भंगारात टाका मला, पण हे थांबवा.

नवव्या दिवशी काका आले, संगं गोजरबाई, त्यांची बायको. काकांनी नमस्कार नाय, काय नाय. गाड्याकडं सरळ पाठ केली आणि रस्त्याकडं तोंड करून म्हणाले, "कर एक पनीरचा. मी बघणार नाय."

बाजीनं भावाला उचललं. टक्क. टक्क टक्क.

"आता दुसरं वाजव."

टन्न.

काका वळले. "हां. आता मलाबी कळतं," म्हणाले, आणि उभ्या उभ्या रोल खाल्ला. गोजरबाई म्हणाल्या, "आठ दिवस घरात पळ्या वाजवून बघत होते, माझं डोकं उठवलं." आणि पदराची गाठ सोडून गाळ्याची किल्ली गाड्यावर ठेवली.

आता मित्रांनो, तीन दुकानं झाली, अंड्याचा ओटा येगळा, पनीरचा येगळा, नवी उलथनी आली. भाऊ आणि मी रिटायर. बाजीनं मला स्वतःच्या हातानं इथं टांगलं. मला आधी वाटलं, शिक्षा आहे. परवा कळलं. आमरीन म्हणून नवी पोरगी लागलीय कामाला. शनिवारची गर्दी, बारा जण उभे, आणि ती भरलेला रोल हातात धरून थांबली. म्हणाली, "बाजी, ह्याला चुकीचं उलथनं लागलं वाटतं. दुसरा करू?"

बाजी रागावली नाय. वर माझ्याकडं बघितलं फक्त, आणि म्हणाली, कर.

माझं एवढंच मागणं आहे. महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवा माझ्यावर, गंज चढतोय. जमलं तर तव्यावर एकदा वाजवाबी, अंग आखडलंय. पण लकी म्हणू नका. मी नुसता वाजलो होतो. थांबली ती बाजी.