पुसलेले सव्वा लाख

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. वय सतरा वर्षे, पण मीटर पाहाल तर काल-परवाची वाटेन. माझे अर्ध्याहून अधिक आयुष्य एका माणसाने पुसून टाकले. त्याला मी सोडणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात तोंड पाहून लोक केस नीट करत. पहिली मालकीण शाळेतल्या बाई होत्या. त्या मला ओल्या फडक्याने पुसत आणि कधी रागावल्या तरी दार आपटत नसत. मग मी औषधे पोहोचवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेले. घाट, चिखल, बर्फ, काही म्हणून बाकी ठेवले नाही. दोन लाख दहा हजार किलोमीटर! ती माझी मेहनत होती, मित्रांनो.

पुढे मला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने घेतले. त्याने स्टिअरिंगखाली एक छोटे यंत्र जोडले आणि चहा संपायच्या आत माझे सव्वा लाख किलोमीटर गायब केले. वर सीटवर अत्तर शिंपडले. मला शिसारी आली.

महिन्याभराने एक नर्स आणि तिचा नवरा आले. दोघे या देशात नवे होते. घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधायचे काम तिला मिळाले होते, पण गाडी असेल तरच. शिवाय पहिले सहा महिने परीक्षेचे होते, एक चूक झाली तरी काम जाणार. व्यापारी त्यांच्याच मुलखातला निघाला. भाषा ऐकून दोघांचे चेहरे फुलले.

"मेकॅनिकला दाखवून घेऊ का?" तिने विचारले.

"खुशाल दाखवा, वहिनी," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "पण परक्या मुलखात आपल्याच माणसावर संशय? मनाला लागतं हो."

नवऱ्याने तिला कोपर मारले. "राहू दे गं. काय म्हणतील ते?"

एवढ्या भिडेपायी माझे बॉनेट कोणी उघडलेच नाही.

ती गुणी होती. इथे स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला, त्यामुळे सुरुवातीला रोज चुकीचे दार उघडायची. मग कोणी पाहत असेल तर तिथे पिशवी ठेवायची आणि ऐटीत वळसा घालून यायची. मला तिचा लळा लागला. पण माझा पाणी फिरवणारा पंप झिजला होता. दोनदा मी तापले. तिसऱ्यांदा भर पुलावर बंद पडले. पलीकडे एक आजोबा पायाची पट्टी बदलायची वाट पाहत होते. ती तीन तास उशिरा पोहोचली आणि तिचे काम गेले. ती माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकून रडली.

तिने व्यापाऱ्याला फोन केला. "जुनी गाडी आहे, वहिनी. चालायचंच," एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

मेकॅनिकने पंप बदलताना इंजिनावरचा काळा थर खरवडला, तेव्हा खाली जुन्या दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी निघाली. पाच वर्षांपूर्वीची तारीख आणि पुढे एक लाख नव्वद हजार किलोमीटर. मीटरवर आज नव्वद हजारसुद्धा नव्हते! मेकॅनिकने शीळ घातली. ती मात्र रडली नाही. तिने चिठ्ठीचा आणि मीटरचा फोटो मोठा करून माझ्या काचेवर लावला.

आता दर रविवारी ती मला त्या व्यापाऱ्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी करते. बॉनेट उघडे ठेवते आणि शेजारी बसून स्वेटर विणते.

पहिल्याच रविवारी तो धावत आला. "वहिनी, शोभतं का हे? चारचौघांत अब्रू काढताय माझी!"

"मी कुठे काय बोलले?" तिने टाके मोजत विचारले.

"बरं, गाडी परत घेतो. सगळे पैसे देतो."

माझे तेल गोठले. शेजारी उभ्या नवऱ्याचे डोळे चमकले. घरात चणचण होतीच.

"आणि मग ही कोणाच्या गळ्यात मारणार?" ती म्हणाली. "गाडी विकायची नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मी तिच्यासाठी डोंगर चढले असते.

परवा एक तरुण जोडपे त्याच्या फाटकात शिरता शिरता थबकले आणि रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. व्यापारी आतून पाहत राहिला. मला फार बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

मित्रांनो, गाडीला वेळेवर तेलपाणी करा. आणि घेताना भीड बाजूला ठेवून बॉनेट उघडा. आम्हांला बोलता येत नाही, पण खोटेही बोलता येत नाही. माझा तळ गंजला आहे. मेकॅनिक म्हणतो, फार तर एक वर्ष. मला पुरे आहे. त्या व्यापाऱ्याच्या फाटकावरची पाटी उतरलेली एकदा पाहू द्या, मग मला खुशाल भंगारात घाला.