गोळी कोणत्या बाजूला?

मी एक सॉफ्टवेअर बोलतोय. एमआरआयचं अवाढव्य यंत्र पेशंटला पोटात घेऊन ठकठक करतं आणि सगळा भाव तेच खातं. खरं तर ते चित्र काढतच नाही, नुसता आकड्यांचा ढीग ओततं. त्यातून चित्र उभं करायचं काम माझं.

मला घडवलं एका सरांनी. छोटीशी कल्पना तपासायलाही विद्यार्थ्यांना पानंच्या पानं प्रोग्रॅम लिहावा लागे, याला ते वैतागले होते. त्यांनी मला पडद्यावरचे चौकोन दिले. एकेक चौकोन एकेक काम करतो. ते तारांनी जोडले, की एका टोकाने आकडे आत जातात आणि दुसऱ्या टोकाने डोकं, नाहीतर गुडघा बाहेर येतो. सरांनी मला फुकट वाटलं आणि झाकणही उघडंच ठेवलं. कुणीही आत डोकावावं, नवा चौकोन करावा, सगळ्यांना द्यावा. असा मोठ्या मनाचा बाप मिळायला भाग्य लागतं.

माझी सगळ्यात लाडकी संशोधक म्हणजे घाईबाई. नाव अर्थात चिडवायचं. तिच्या वडिलांची मान कंपवाताने हलायची. आठ मिनिटं स्थिर पडणं त्यांना जमेना, चित्रं फिसकटायची. म्हणून तिने दोन वर्षं खपून, अर्ध्या मिनिटात गोळा झालेल्या थोडक्या आकड्यांतूनही चित्र देणारा चौकोन बनवला आणि लगेच जगाला देऊन टाकला. अकरा प्रयोगशाळांनी तो उचलला. त्याच्याच जोरावर तिची नोकरी कायम व्हायची होती.

तीन आठवड्यांनी वडील स्वतः यंत्रात झोपले. टेक्निशियन काकूंनी तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या उजव्या कानशिलावर तेलाची कॅप्सूल चिकटवली. चित्रात तिचा पांढरा ठिपका उमटतो, त्यावरून उजवं-डावं कळतं. चित्र आलं, अगदी लख्ख. घाईबाईचे डोळे भरून आले. मीही फुशारलो, खोटं कशाला सांगू.

काकू मात्र चष्मा सावरत म्हणाल्या, "अगं, गोळी मी उजवीकडे लावलीये. इथे 'डावी' लिहिलंय त्या बाजूला कशी?"

घाईबाईने चौकोन उघडला. वेळ वाचवायला तिने आकड्यांच्या ओळी उलट्या वाचल्या होत्या, त्या सुलट करायच्या राहून गेल्या होत्या. तपासणी केली होती पाण्याच्या गोल बाटलीवर. मेंदूची दोन्ही अंगंही दिसायला सारखी, त्यामुळे कुणालाच शंका आली नव्हती.

एका सहकाऱ्याने हळूच सुचवलं, की आत्ता गुपचूप दुरुस्त कर, नोकरीचं पत्र हातात पडू दे, मग सांग. वडील कानशिलावरची चिकटपट्टी सोडवत म्हणाले, "त्या अकरा ठिकाणी काकू नसतील गं."

तिने त्याच दुपारी सगळ्यांना कळवलं. "चूक माझी आहे, चित्रं उलटी आहेत, वापरू नका." संध्याकाळी एका ठिकाणाहून उत्तर आलं. तिथे दुसऱ्या दिवशी त्याच चौकोनातून निघालेल्या चित्रावरून एका माणसाच्या डोक्याच्या कोणत्या बाजूला उपचार करायचे, हे ठरणार होतं.

तिची नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष गेलं. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण अभिमान वाटतो तो हिचा.

काकू आता निवृत्त झाल्यात. घाईबाईच्या चौकोनात मात्र पहिला प्रश्न त्यांचाच आहे. 'गोळी कोणत्या बाजूला?' उत्तर दिल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. लोक कंटाळतात, मला शिव्या घालतात. घालू देत. मला फुकट न्या, मोडा, जोडा, सुधारा. फक्त डोळे मिटून माझ्यावर विश्वास ठेवू नका. आणि तुमच्याकडे काकू नसतील, तर गोळी लावायला तेवढी विसरू नका.