उंचवट्याची डावी बाजू

पहिला डाव

गॅरेट वेसलिंगने चेंडू टाकला आणि स्वतःच पडला.

उठला, पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. बेसबॉलमध्ये चार चेंडू वाकडे गेले की फलंदाज बॅट न हलवता पहिल्या तळावर चालत जातो. तसे चौघे गेले, आणि चौथ्यासाठी जागा करायला पहिल्याला घरच्या तळावर ढकलावं लागलं, म्हणजे एक धाव. पाइन फोर्क एक, आम्ही शून्य, बाद कुणीच नाही. धाववहीत मी हे सगळं पेन्सिलीने भरत होते. माझी आजी हिल्डेगार्ड पेनाने भरायची. तिचा स्वतःवर विश्वास होता.

डावाआधीचा डाव

आमच्या सेंट वालबर्गा गावासाठी चेंडू टाकायचा तो आम्हा टरहारांच्याच घरातल्या कुणीतरी, आणि डाव्याच हाताने. आधी आजोबा अलॉयस, मग बाबा, मग माझा भाऊ कर्टिस. गेल्या मंगळवारी गोठ्याचं फाटक कर्टिसच्या डाव्या अंगठ्यावर आदळलं. राज्य स्पर्धा यंदा नेमकी आमच्याच मैदानावर, आणि त्या स्पर्धेत आमच्या गावाने आजवर एकही सामना जिंकलेला नाही. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. एक विजय बघायचा आणि मग खुशाल वर जायचं, असं ते दर रविवारी प्रार्थनेनंतर फादरना बजावतात.

नियमाप्रमाणे हरलेल्या शेजाऱ्यांचे फेकणारे उसने घेता येतात. चांगला एकच उरला होता, गॅरेट. तो शेजारच्या हार्नाव गावचा होता, उजव्या हाताने टाकणारा होता आणि नॉर्ब वेसलिंगचा नातू होता.

डाव १९७१

आजोबा धावत घरच्या तळावर येतात. हार्नावचा नॉर्ब हातमोजा त्यांच्या पोटावर आपटतो. बाद. हार्नाव राज्य स्पर्धेला जातं, आम्ही गाई दोहायला. आजोबा म्हणतात हातमोज्यात चेंडू नव्हताच, मग बाद कसला. चोपन्न वर्षं म्हणतात, फक्त नॉर्बला सोडून बाकी सगळ्यांना. त्याच्याशी ते बोलत नाहीत.

पहिला डाव (अजून तोच)

"आजोबा, तो का पडतोय?" मी विचारलं.

"हार्नावचा आहे. त्यांचे पाय तसेच असतात."

"सांगा ना तिला," कर्टिस म्हणाला.

"तू अंगठा सांभाळ."

मग कर्टिसनेच सांगितलं. चाळीस वर्षं मैदान राखतात ते आजोबाच. फेकायच्या उंचवट्यावर डावखुऱ्याचा पाय जिथे पडतो तिथे ते विटांची चिकणमाती भिजवून ठोकून ठोकून फरशी करतात. उजव्याचा पाय जिथे पडतो तिथे नुसती धूळ, वरून पाणी शिंपडून रंग सारखा. चाळीस वर्षं पाहुणे घसरत आले. दर वर्षी आपण म्हणायचो, बाहेरच्यांना आमची हवा मानवत नाही.

"मग आत्ता जाऊन ठोका की," मी आजोबांना म्हणाले.

"सगळ्यांसमोर? त्याच्यासमोर?" आजोबांनी टोपी जाळीकडे हलवली.

जाळीमागे घडीच्या खुर्चीत नॉर्ब सूर्यफुलाच्या बिया थुंकत बसला होता. हा उंचवटा लबाड आहे असं तोही चाळीस वर्षं सांगत होता आणि अख्खा तालुका त्याला हसत होता.

गॅरेटचा पुढचा चेंडू वाकडा. त्यापुढचाही. तिन्ही तळ भरलेले. आजोबांनी धावफलकाकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं आणि उठले. मला वाटलं फावडं आणायला चालले. गेले ते जाळीकडे.

"नॉर्ब."

"अलॉयस." नॉर्बने बिया गिळल्या बहुतेक.

"हातमोज्यात चेंडू होता का?"

"कधी?"

"चावटपणा करू नकोस."

"दुसऱ्या हातात होता," नॉर्ब म्हणाला. "पंच मागे उभा होता, त्याला दिसलं नाही. तू विचारशील म्हणून किती वर्षं वाट बघितली. तू बोललाच नाहीस, दगडासारखा."

"उंचवटा लबाड आहे," आजोबा पुटपुटले.

"मोठ्याने बोल, या कानाने ऐकू येत नाही."

"दुसरा कान कर."

"त्याने तर अजिबातच नाही."

मग आजोबा मैदानाच्या मधोमध गेले आणि पंचाला ऐकू जाईल, बिअरच्या टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा मी बिघडवलाय. मुद्दाम. दहा मिनिटं द्या."

टपरीवरून कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. नॉर्ब खुर्ची सोडून बादली घेऊन निघाला. एक पाणी ओततोय, एक ठोकतोय, आणि दोघंही एकमेकांना पाणी जास्त झालं म्हणून सांगतायत. नऊशे लोकांनी सॉसेज खाणं थांबवून ते पाहिलं.

दुसरा ते आठवा

गॅरेट पडला नाही. पाइन फोर्कला पुन्हा धाव नाही. पाचव्यात बिअर संपली, सहाव्यात आली. सातव्यात आमची एक धाव, तीही त्यांच्या चुकीने. या रकान्यांत माझं अक्षर बिघडलंय, ते वाचू नये.

नववा

एक एक अशी बरोबरी. कर्टिसला टाकता येत नव्हतं, पण पळायला अंगठा लागत नाही. दुसऱ्या तळावर त्याला बदली धावपटू म्हणून उभा केला. आमच्या फलंदाजाचा टोला उजवीकडे गेला. कर्टिस तिसरा तळ ओलांडून निघालाच, मोडक्या अंगठ्याचा हात वर धरून, वर्गात प्रश्न विचारायचा असल्यासारखा. चेंडू आला, तो घसरला, त्यांच्या घरच्या तळावरच्या खेळाडूने हातमोजा त्याच्या अंगावर आपटला. धूळ. पंचाचा हात वर जायला लागला.

"दुसरा हात बघ!" नॉर्ब जाळीला लटकून ओरडला. "दुसरा हात बघ, मूर्खा, मला माहितेय ते!"

पंचाने पाहिलं. हातमोजा रिकामा. चेंडू दुसऱ्या हातात. नाबाद. दोन एक, आम्ही जिंकलो.

त्यानंतरचं मी पेनाने लिहिलं.

डावानंतर

गर्दी पांगल्यावर मी आजोबांना शोधत गेले. दोघं उंचवट्यावर गुडघे टेकून होते. उद्याच्या सामन्यासाठी माती ठोकणं चाललं होतं, दोन्ही बाजूंना सारखी, प्रामाणिक.

"इथे जरा भुसभुशीत ठेव," नॉर्ब म्हणाला. "उद्या त्यांचा फेकणारा उजवा आहे."

"गॅरेटही उजवाच आहे, गाढवा."

"गॅरेट लंबूटांग आहे. त्याचा पाय पुढे पडतो."

आजोबांनी ठोकणी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. मी दिसले, तरी मी दिसलेच नाही असं ठरवलं.

"किती पुढे?"

नॉर्बने मातीवर वीत पसरली.