वर्ष फिरेपर्यंत

आमचे मालक गेले तेव्हा मी रडले नाही. रडायला बायका जमल्या होत्या, त्या रडल्या. पोळा झाला आणि त्यांना ताप भरला, पूर्णेच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून बैलगाडीत घालून परत आणलं. लोक म्हणाले, मालनबाईच्या छातीवर दगड बसलाय, तिला मोकळं होऊ द्या. मला दगडबिगड काही जाणवत नव्हतं. काहीच जाणवत नव्हतं, तीच अडचण होती. तव्यावर हात भाजला तर आधी वास यायचा आणि मग कळायचं की हात माझा आहे.

मालक, म्हणजे सूर्यभान, डोळ्यांच्या गाडीवर होते. एका संस्थेनं मोडीत निघालेली जुनी बस घेऊन, तिचे बाक उपटून आत दवाखाना केला होता. मागे ऑपरेशनचं टेबल, मध्ये कपाटं, पुढे झोपायच्या फळ्या आणि माझा स्टोव्ह. दिवाळी झाली की ही गाडी निघायची आणि ऊन तापेपर्यंत गावोगाव हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे मोतीबिंदू काढायची. मालक गाडी चालवायचे आणि जनरेटर सांभाळायचे. मी स्वयंपाक करायची, पेशंटला हाताला धरून आणायची, पट्टी बांधली की पोचवायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अर्धं वर्ष आमचं बिऱ्हाड त्या बसमध्येच असायचं. गावातल्या घरापेक्षा मला तीच जास्त आपली वाटायची.

जनरेटर गाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या कप्प्यात बसवलेला. दोरी ओढून पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर सोडायचा. गावात वीज असली तरी तिच्या भरवशावर कोणी कोणाचा डोळा कापत नाही. डॉक्टर भगवानराव परभणीहून यायचे, हाताला चांगले, जिभेला तिखट. ते म्हणायचे, डोळ्यात माझं हत्यार असताना दिवा गेला तर तो डोळाही गेला समजा. म्हणून सगळं काम जनरेटरवर.

त्या मशीनच्या बाबतीत मालकांची एक रीत होती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते त्याला पुरतं खोलायचे. सकाळी आंघोळ करून बसायचे, एकेक नट काढून पोत्यावर मांडायचे, काजळी खरवडायचे, जुनं तेल काढून नवं भरायचे आणि सगळं होतं तसं जोडायचे. मग हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. साफसफाई कुठं संपायची आणि पूजा कुठं सुरू व्हायची ते सांगता आलं नसतं. त्यांनाही कोणी विचारलं नाही. दिवाळीनंतर गाडी निघायची तेव्हा मशीन तयार असायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

त्या वर्षी खंडेनवमी आली तेव्हा सुतक फिटलं होतं, पण घराला वर्ष लागलेलं होतं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्ष फिरेपर्यंत सण नसतो. तळण नाही, तोरण नाही, पूजा नाही. चंद्रभान, माझ्या नणंदेचा मुलगा, मामाच्या जागी गाडीवर लागला होता. तो मुद्दाम विचारायला आला.

"मामी, मामाच्या हातचं मशीन हाय. औंदा कशी पूजा करावं? वर्ष फिरू द्या."

मी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवायची. पूजा राहिली तसं खोलणंही राहिलं. आणि चंद्रभाननं हे मानानं केलं होतं, आळसानं नाही, म्हणून कोणाच्या काही ध्यानातही आलं नाही.

दिवाळीनंतर गाडी निघाली. संस्थेनं मला काढलं नाही, मीही राहिले. जायला दुसरी जागा कुठं होती. माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलायची आणि मला त्याचा भयंकर राग यायचा, पण तो रागही लांबून यायचा, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसा. एकच गोष्ट जवळची होती. माझी फळी होती तिथून कप्प्यातल्या मशीनची धडधड ऐकू यायची. संध्याकाळी डॉक्टर हत्यारं उकळून घ्यायचे तेव्हा मी काम टाकून पाठ टेकायची आणि ऐकत बसायची. मशीन मध्येच अडखळायचं, मग दम घेऊन पुन्हा चालायचं. मला वाटायचं, हे त्यांचं आहे. त्यांनीच शेवटचं बांधलेलं आहे, आतले नट त्यांच्याच हातानं आवळलेले आहेत. माणूस गेलं, कपडे वाटून टाकले, पण हे अजून त्यांनी ठेवलं तसंच चालू आहे.

चारठाण्याच्या शिबिरात पहिल्यांदा दिवा मिणमिणला. टेबलावर एक म्हातारा होता. डॉक्टरांचा हात जिथं होता तिथं थांबला. मशीन दोनदा फुरफुरलं आणि उजेड परत आला. डॉक्टरांनी टाके घातले, बाहेर आले आणि चंद्रभानला असं काही बोलले की मंदिराच्या पारावरचे लोक वळून बघायला लागले.

"रॉकेलात पाणी असंल, साहेब," चंद्रभान म्हणाला. "गाळून घेतो."

रॉकेल गाळून घेतलं. पुढच्या गावात पुन्हा तसंच झालं.

आमच्या गाडीवर सत्यशीला नावाची नर्स होती. पूर्णेची, वडील रेल्वेत खलाशी, घर बौद्धवाड्यात. बोलायला सरळ, इतकी सरळ की कधीकधी लागायचं. मला मावशी म्हणायची आणि माझ्याशी हळू आवाजात न बोलणारी ती एकटीच होती. त्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि ती हत्यारं पुसत होती.

"मावशी, ह्या मशीनचं तेल कधी बदललं?"

"मागच्या खंडेनवमीला. म्हंजे त्याच्या मागच्या."

"आन औंदा?"

"औंदा वर्ष हाय आमचं."

तिनं कात्री खाली ठेवली. "वर्ष तुमचं हाय. मशीनचं हाय का?"

मी परातीतला पुढचा गोळा घेतला. चंद्रभान दारात उभा होता, तो म्हणाला, "बाई, पूजा केल्याबिगर मामा कधी खोलत न्हवते. आन वर्ष फिरल्याबिगर पूजा करता येत न्हाई. पोळ्यापर्यंत थांबा की, मंग खोलतोच."

"पोळ्यापर्यंत किती लोकांचे डोळे हायेत, चंद्रभान?" सत्यशीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नामांतराच्या दंगलीत माझ्या आजोळचं घर जाळलं. तीन माणसं त्या चुलीवर जेवायची. आजीनं दुसऱ्या दिवशी तीन दगडं मांडले आन भाकरी टाकली. जळल्या घराचं वर्ष धरायला सवडच न्हवती."

तिनं ते टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. मला मात्र टोमण्यासारखं लागलं आणि मी भाकरी जास्तच जोरात थापली. चंद्रभानची अडचण पूजेची होती. माझी ती नव्हतीच. मला ते मशीन खोलायला नको होतं. चंद्रभानचा पाना लागला की मालकांनी आवळलेलं सुटणार, मग पुन्हा आवळणार तो चंद्रभान. तेवढ्यासाठी मी वर्षाच्या आड उभी होते, आणि वर्षाच्या आड उभ्या असलेल्या विधवेला कोण हटवणार? डॉक्टरसुद्धा गप्प बसले. जिभेला तिखट माणूस, पण माझ्या कपाळाकडे बघून गप्प बसला.

पिंगळीला शाळेच्या पटांगणात गाडी लागली. पेशंट झाडाखाली बसले होते. त्यांत तानुबाई होती, शेतात मजुरीला जाणारी, वाळकी आणि ताठ. तिचा एक डोळा लहानपणीच देवी येऊन गेला होता. दुसऱ्यावर मोतीबिंदू पिकलेला. तिला एकच डोळा आहे आणि तोच कापायचा आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी तिला शेवटी ठेवलं, निवांत करू म्हणाले. तेवढ्यात दिवा तपासायला चंद्रभाननं मशीन सुरू केलं.

डोळ्यात थेंब घालून घ्यायला मी तिला हाताला धरून गाडीकडे आणत होते. ती मध्येच थांबली.

"ह्याच्यावर दिवा जळतो का माय?"

"हो."

"असं कामून करायलंय ते?"

"रॉकेलवर चालतं. होतं कधी कधी."

ती ऐकत उभी राहिली. मशीन अडखळलं, दम घेतला, चाललं. माझा हात तिनं घट्ट धरला होता. तिची बोटं गार होती हे मला जाणवलं, आणि जाणवलं याचंच मला नवल वाटलं.

"ह्याला बगतं कोण?" तिनं विचारलं.

"आमचे मालक बगायचे."

"आन आता?"

सरळ प्रश्न होता. तिला काय ठाऊक कोण मालक आणि कसलं वर्ष. तिला फक्त आपला डोळा कोणाच्या हवाली करायचा ते माहीत करून घ्यायचं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. चंद्रभान बघतो असं म्हणणार होते. पण चंद्रभान बघत नव्हता. मी बघू देत नव्हते.

"आता कोणीच बगत न्हाई," मी म्हणाले.

हात सोडून ती परत फिरली नाही. एकच डोळा असलेल्या माणसाला परत फिरून जायला जागा नसते. ती तिथंच पटांगणात खाली बसली आणि वाट बघायला लागली, मी काय करते त्याची.

मी कप्प्यापाशी गेले आणि चंद्रभानला मशीन बंद करायला सांगितलं.

"खोल त्याला."

"मामी, पूजा..."

"पूजा वर्ष फिरल्यावर कर. खोल आत्ता. काही पाप असंल तर माझ्या माथी."

डॉक्टर बाहेर आले. आजचं काम उद्यावर जाणार म्हणून त्यांची चिडचिड झाली, दोन वाक्यं बोलले, आणि मग खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. पेशंटना उद्या या म्हणून सांगितलं. तानुबाई मात्र घरी गेली नाही, शाळेच्या ओसरीवर बसून राहिली.

चंद्रभाननं पोतं अंथरलं. पहिला नट जाम झाला होता. त्यानं रॉकेल सोडलं, पाना लावला, अंगाचा जोर दिला आणि तो करकरत सुटला. मी शेजारीच उभी होते. हे आपल्याला बघवणार नाही असं वाटलं होतं. काहीच झालं नाही. नट पोत्यावर पडला, तो नुसता नट होता.

तेल निघालं ते काळं, काकवीसारखं घट्ट. आत काजळीचा थर बसलेला. चंद्रभान खरवडत होता आणि त्याचं तोंड उतरत चाललं होतं.

"मामी, आजून दोन-चार शिबिरं झाले असते तर हे बसलंच असतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दिवा परत आलाच नसता."

मी ओसरीकडे बघितलं. तानुबाई पदरानं डोळा पुसत होती. सत्यशीला माझ्या मागे येऊन उभी राहिली, पण बघा, मी म्हटलं होतं, असं काही म्हणाली नाही. घमेलं घेतलं आणि रॉकेलमध्ये एकेक भाग धुवायला बसली. मीही बसले. तिघांनी मिळून ते धुतलं, पुसलं, आणि चंद्रभाननं मामा लावायचे त्याच क्रमानं सगळं परत लावलं. नवं तेल भरलं. फूल नाही, कुंकू नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि कामाला सुरुवात झाली. डॉक्टरांनी तानुबाईला पहिली घेतली. मी तिला टेबलावर निजवलं, सत्यशीलानं डोक्याभोवती कापड बांधलं आणि मी खाली उतरले. चंद्रभाननं दोरी ओढली. एका ओढीत मशीन लागलं.

मी पत्र्याला पाठ लावून उभी होते. आता कधी अडखळेल म्हणून कान देऊन ऐकत होते. ते अडखळलं नाही. एकसारखं, गुळगुळीत चालत राहिलं, लक्षही जाऊ नये असं. आणि मला आठवलं की हे असंच चालायचं. मालक होते तेव्हा सगळी वर्षं मशीन असंच चालायचं, इतकं नीट की मी त्याच्याकडे कधी कान दिलाच नव्हता. ह्या थंडीत रोज संध्याकाळी पाठ टेकून जे मी त्यांचं म्हणून ऐकत होते, ती खराबी होती. ते नव्हते म्हणून साचत गेलेली. ते असते तर तसा आवाज त्यांनी एक दिवससुद्धा होऊ दिला नसता.

आत दिवा लख्ख होता. डॉक्टरांचा हलका आवाज येत होता, मान हलवू नको आजी, झालंच. मी तिथंच मातीत बसले. तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर आलाच. झाडाखालचे पेशंट एकमेकांना विचारायला लागले, कोण रडायलंय म्हणून.

तानुबाईच्या डोळ्यावर पट्टी बांधून सत्यशीला बाहेर आली, तशी धावतच माझ्याजवळ पोचली.

"काय झालं मावशी? ऑपरेशन नीट झालं. तिला दिसंल. तुमी कामून रडायलाव?"

"आमचे मालक वारले गं," मी म्हणाले.

ती माझ्याजवळ खाली बसली.