दोनाचे तीन करायचे राहिले

आकडेसरांना नावांचं इतकं वावडं, की घरच्या मांजरालाही ते म्हणे 'जवळून तिसरं' अशी हाक मारत. पाहुणा आला की मांजर चौथं व्हायचं. खोटं वाटत असेल तर मांजरालाच विचारा.

सरांचा विषय लॅम्डा-गणित. त्यात लॅम्डा हे ग्रीक अक्षर दिसलं की समजायचं एक दार, आणि बाकीचं जग त्या दारांना क्ष, य अशी नावं देतं. सर म्हणत, नावं कशाला? उभे आहात तिथून बाहेरचं कितवं दार, तो आकडा लिहा. फक्त सूत्राचा एखादा तुकडा नव्या दाराच्या आत नेला, की बाहेर बोट दाखवणारे त्याचे आकडे एकाने वाढवायचे, एवढं पथ्य. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी ठोकून दिलं होतं, 'नावं ही म्हाताऱ्यांची काठी.' ज्या बाईंनी त्यांना हे गणित शिकवलं, त्या जन्मभर नावांनीच लिहीत आल्या होत्या.

सरांची पद्धत अभ्यासक्रमात घ्यायची का, हे ठरवायला विभागाची सभा भरली. निवृत्त बाई मागच्या रांगेत, काठी टेकून. सर फळ्यावर सुटले; हाताआधी खडूच पळत होता. एक तुकडा उचलून त्यांनी नव्या दाराच्या आत ठेवला आणि पुढे गेले.

"अरे, ती शेवटून दुसरी ओळ जरा नावं घालून लिहितोस?" बाई म्हणाल्या. "नजर अधू झाली रे आता."

"काठी हवीय बाईंना," कुणीतरी कुजबुजलं. खसखस पिकली. सरही हसले आणि लिहू लागले. ओळीत 'दोन' होता, म्हणून दारं मोजत बाहेर निघाले आणि भलत्याच दारात पोचले. दोनाचे तीन करायचे राहिले होते. मांजराचा आकडा कधी न चुकलेला माणूस तो.

"राहू दे," बाईच म्हणाल्या. "मलाच दिसत नसेल."

"घरी येऊन समजावतो, बाई," म्हणत सरांनी फळा पुसून टाकला. ठराव टाळ्यांत मंजूर झाला.

जिना उतरताना सरांनी बाईंना हात दिला, पण मान काही वर होईना.

"कॉलरवर मुंगी आहे बघ," बाई म्हणाल्या. "फळ्याशी होतास तेव्हापासून फिरतेय."

सर थबकले. मागच्या रांगेतून मुंगी दिसली होती.

"बाई, मी जरा वर जाऊन येतो."

"जा. मी बसते इथे. पायऱ्या मोजत जाऊ नकोस, पडशील."

वर चहा चालला होता. फळा कोरा. चूक दाखवायची तर आधी ती पुन्हा लिहायला हवी होती. सरांनी खडू उचलला आणि सगळ्यांदेखत, सावकाश, तोच चुकीचा दोन पुन्हा लिहिला. शेजारी दारांची नावं घातली.