अठरा रुपये वर

फ्रिजवरच्या कागदावर, नव्वदच्या खाली, पुरुषोत्तमने लाल पेनाने चौऱ्याण्णव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"सुचित्रा, मर्यादा चार हजारांनी वाढली. एका वर्षात एवढी कधीच वाढली नव्हती."

पोहे परतता परतता सुचित्रा म्हणाली, "न्हालं एकदाचं गंगेत घोडं. आता तो कागद काढ, तिथे मला ग्रोसरीची लिस्ट लावायचीय."

कागद काढणं शक्य नव्हतं. मुलांच्या कॉलेजच्या फीपोटी इथलं अमेरिकन सरकार करात सूट देतं, पण उत्पन्न मर्यादेत असेल तर. ही मर्यादा महागाईबरोबर वर सरकते. मुलगी हिमानी आठवीत होती तेव्हापासून पुरुषोत्तम या मर्यादेवर नजर ठेवून होता. दोन हजार एकमध्ये ऐंशी हजार, मग ब्याऐंशी, त्र्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, नव्वद. लोक शेअर बाजार बघतात, हा गृहस्थ मर्यादा बघायचा. आणि आता, हिमानी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, पुढच्या वर्षासाठी चौऱ्याण्णव. आनंदाने त्याला बसवेना.

चँडलरमधल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात तो टेक्निशियन होता. सुचित्राचा डेकेअरचा पगार धरून घराचं उत्पन्न नव्वदच्या जेमतेम आत राहायचं, कारण तो ते ठेवायचा. ओव्हरटाइम मोजून घ्यायचा. वसंतात मॅनेजरने त्याला शिफ्ट लीड व्हायला सांगितलं, आठ हजार जास्त देऊ केले, तेव्हा तो नाही म्हणाला होता. परवा मॅनेजरने पुन्हा विचारलं होतं आणि सोमवारी उत्तर हवं होतं. ही शेवटची वेळ, असंही सांगितलं होतं.

नाही म्हणण्याचं कारण अकोल्यात होतं. वडील जिल्हा परिषदेत कारकून. पुरुषोत्तम आणि त्याची धाकटी बहीण शुभा दोघंही ईबीसीच्या सवलतीत, म्हणजे फी माफीवर, शिकत होते. एका वर्षी वडिलांचा महागाई भत्ता वाढला, घरात पेढे आले आणि वार्षिक उत्पन्न मर्यादेच्या अठरा रुपये वर गेलं. दोघांचीही माफी संपूर्ण गेली. एकाचीच फी भरता येणार होती. ती मुलाची भरली गेली आणि शुभा घरी बसली. मर्यादा म्हणजे काय, ते पुरुषोत्तम तेव्हा शिकला. त्यामुळे इथल्या तक्त्यातला पहिला आकडा वाचून तो थांबायचा. पुढे काय लिहिलंय हे त्याने पाहिलं नाही आणि कुणाला विचारलंही नाही. इथल्या मराठी मंडळातले इंजिनियर ही मर्यादा कधीच ओलांडून गेलेले. त्यांच्यासमोर तो विषय काढायची त्याला लाज वाटायची.

शनिवार म्हणून हिमानी घरी आली होती. पोह्यांची बशी घेऊन तिने बाबांचं लाल चौऱ्याण्णव पाहिलं, मग टेबलावरचा करसवलतीचा फॉर्म उचलला आणि तो खरोखर शेवटपर्यंत वाचला.

"बाबा, लिमिट क्रॉस केली की सगळं जात नाही. थोडं थोडं कमी होतं. एक लाख चौदा हजारला झीरो होतं. यू डिडन्ट नो?"

पुरुषोत्तमने तिच्या हातून फॉर्म घेतला. वाचला, पुन्हा वाचला. मग पाकिटाच्या मागे आकडेमोड सुरू झाली. लीड झालो, आठ हजार वाढले, तर साडेसोळाशे डॉलरच्या सवलतीतले किती जातील? तीनदा केलं तरी उत्तर तेच. साडेतीनशेसुद्धा नाहीत.

"सुचित्रा, मी सोमवारी हो म्हणतोय," तो म्हणाला, आणि सुचित्राने गॅस बंद करून त्याच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या मोठ्याने तो कधी हसत नसे.

ही बातमी आधी शुभालाच सांगायची होती. त्याने फोनचं कार्ड काढून अकोल्याचा नंबर फिरवला. तिकडे रात्र होती, शुभाचा कुकर शिट्ट्या देत होता. त्याने तिला सगळं एका दमात सांगितलं. तीही मनापासून हरखली. मग तिने विचारलं, "दादा, आपल्याकडे तेव्हा असा थोडा थोडा हिशेब असता, तर माझी फी किती भरावी लागली असती रे?"

आकडेमोडीच्या नादात त्याने पाकीट उलटं केलं. अठरा रुपये वर, तेव्हाची फी, तेव्हाची मर्यादा. हे आकडे त्याला पाठ होते.

"साधारण बारा रुपये. वर्षाचे," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं.

कुकरची शिट्टी मध्येच थांबली. शुभाने तो बंद केला असावा.

"बारा रुपये होते माझ्याकडे," ती म्हणाली. "तू दिलेल्या ओवाळणीचे. डब्यात ठेवले होते."

तीच पुढे म्हणाली, "सोमवारी हो म्हण हं, दादा. विसरू नकोस."

फोन कुणीच ठेवला नाही. कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत पुरुषोत्तम फ्रिजपाशी तसाच उभा राहिला.